बाहीतला सुलतान

‘मरजान’ रेस्टॉरंटच्या काचेच्या दारावर एका कुत्र्याचं चित्र होतं आणि त्यावर लाल तिरकी रेघ. मुनिसाचे आजोबा, तोजिबोय बोबो, त्या चित्रासमोर जे थांबले ते हलेचनात.

“बाबा, आत चला ना,” मागून तिचा काका, शोकिर अमाकी, म्हणाला. “व्याही एवढ्यात येतील. आपण यजमान, आणि आपणच दारात.”

“वाचतोय.”

“चित्र आहे ते. त्यात वाचायचं काय?”

“तेच म्हणतो मी. कुत्र्याला बंदी आहे. बाकी कोणाबद्दल काही लिहिलेलं नाही.”

अमाकीचे कान उभे राहिले. मर्गिलानच्या बाजारात मोबाइलचं दुकान चालवणारा माणूस तो, गिऱ्हाईक कधी काय दडवतंय हे त्याला वासावरून कळतं. “बाबा, तुम्ही काही आणलेलं नाही ना बरोबर?”

“कुत्रा? नाही बुवा.”

मुनिसाला त्याच क्षणी रस्त्यापलीकडच्या तुतीच्या झाडाबद्दल अतोनात प्रेम वाटू लागलं. ती त्या झाडाकडे बघत राहिली, कारण अमाकीकडे बघितलं असतं तर सगळं तोंडावर दिसलं असतं. बोबोंच्या चोपोनच्या, त्या लांब अंगरख्याच्या, डाव्या बाहीत आतल्या बाजूने एक खिसा होता. तिच्या आईच्या, ओयीच्या, शिवणातून उरलेल्या रेशमाचा, कडेने हवेला भोकं ठेवलेला. तो मुनिसाने स्वतः शिवला होता, शाळेचा भूगोल बाजूला सारून. आणि त्या खिशात सुलतान होता. सुलतान म्हणजे बोबोंचा लावा. मूठभर पाखरू, तपकिरी ठिपक्यांचं, पण चालणं असं की जणू सगळं फरगाना खोरं त्याच्या बापाचं.

“आणि मे महिन्यात हा जाड चोपोन कशाला?” अमाकी म्हणाला. “उकडेल तुम्हाला.”

“म्हाताऱ्याला कसलं उकडतंय,” बोबो म्हणाले आणि डावा हात पोटाशी धरून, दरवाजाला नमस्कार केल्यासारखं वाकून आत शिरले.

खरं तर हा समारंभ घरीच व्हायचा. मुलीच्या घरी मुलाकडचे येतात, दोन्हीकडचे वडीलधारे मिळून नान मोडतात आणि नान मोडली की शब्द दिला गेला. पण मुनिसाचे वडील दूर परदेशी, कझानला कामावर, त्यांनी सगळं धाकट्या भावावर सोपवलेलं, आणि शोकिर अमाकीला वाटलं की मुलाकडच्या, कोकंदच्या लोकांना काहीतरी दाखवलं पाहिजे. दाखवायची त्याला मोठी हौस. नवरोजला त्याने अशीच हौस केली होती: कोकंदच्या पुलावात तांदूळ शोधायला दुर्बीण लागते, असं भर पंगतीत म्हणाला होता. होणारी विहीण खोलिदा त्या दिवशी अर्धा चहा तसाच ठेवून उठली. त्यानंतर दोन महिने निरोप्यांचे जोडे झिजले. शेवटी ती यायला तयार झाली ती एका अटीवर. “अजून एकदा आमचा मान गेला,” तिने कळवलं होतं, “तर गाठोडी जशी आणीन तशीच परत नेईन.”

ती गाठोडी आता आत येत होती. कपड्यात बांधलेली मोठमोठी ताटं, वर पक्क्या गाठी. मिठाई, कापड, सुकामेवा, काय काय. नान मोडल्याशिवाय त्या गाठी सोडायच्या नसतात. खोलिदाच्या दोन जावांनी ती भिंतीला ओळीने लावली आणि मुनिसाच्या ताईचं, सर्विनोझचं, सगळं नशीब त्या गाठींमध्ये जाऊन बसलं. गाठोडी बांधलेलीच परत गेली असती तर दिवस मावळायच्या आत सगळ्या मर्गिलानला कळलं असतं, आणि सर्विनोझला खोलिदाचा मुलगा अझमत सोडून दुसरा कोणी नको होता. हे तिने घरात फक्त मुनिसाला सांगितलं होतं, म्हणजे एव्हाना घरात सगळ्यांना माहीत होतं.

महकम ओता सगळ्यांच्या पुढे होते. अझमतचे आजोबा. उंच, वाळके, डोक्यावर जुनी दोप्पी, तोंडावर पाऊस न पडलेल्या वर्षासारखं काहीतरी. त्यांनी बोबोंना बघताच दोन्ही हात पुढे केले.

बोबोंनी उजवा हात दिला. एकच.

महकम ओतांचा दुसरा हात क्षणभर हवेत राहिला, मग खाली गेला. बाकीचे खुर्च्या शोधत होते. खोलिदा मात्र बघत होती. तिचं औषधांचं दुकान होतं आणि थेंब मोजायची तिला सवय होती.

टेबलाशी पुरुष एका टोकाला, बायका दुसऱ्या टोकाला बसल्या. मुनिसा मध्ये, चहा ओतायला. बोबोंच्या बाजूने वाटी यायची ती उजव्या हाताने. डावा हात, जो देणाऱ्याने छातीवर ठेवायचा असतो, तो बाहीत. बोबो बोलतही नव्हते. महकम ओतांनी विचारलं, कापूस कसा आहे यंदा, तर “आहे.” विचारलं, तब्येत कशी, तर “देवाची कृपा.” त्यानंतर महकम ओतांनीही विचारणं सोडलं आणि दोन म्हातारे शेजारी शेजारी बसून मिठाच्या डबीकडे बघत राहिले.

खोलिदाने पर्समधून ओला रुमाल काढून चमचा पुसला, मग काटा, मग ओयीकडे वळली. “मुकर्रमबाई, व्याह्यांच्या हाताला काही झालंय का?”

“मुरगळलाय,” मुनिसा म्हणाली.

“बाबांचा हात?” शोकिर अमाकी त्याच दमात म्हणाला. “लोखंड आहे लोखंड. परवा एकट्यानं पिठाचं पोतं उचलून आत ठेवलं.”

खोलिदाने आधी मुनिसाकडे बघितलं, मग अमाकीकडे. “पोतं उचलतानाच मुरगळला असेल,” ती गोड आवाजात म्हणाली. तो गोडवा जिभेवर टेकताच कडू लागावा असा होता.

तेवढ्यात अमाकीने टाळी वाजवली आणि वेटर ती थाळी घेऊन आला. अमाकीने खास सांगून करवलेली. प्रत्येकापुढे एक एक ठेवण्यात आलं: भाजलेलं, सोनेरी, पाय वर, पोटात डाळिंबाचे दाणे.

“लावे,” अमाकी म्हणाला. “हॉटेलची खासियत. अख्खे.”

बोबोंचा चेहरा नानच्या पिठासारखा झाला. त्यांनी थाळी बोटाच्या टोकाने हळूच पुढे सरकवली. मग डावा हात बाहीसकट टेबलाखाली घेतला, जणू आतल्याला ते दिसू नये. यजमान घरातला वडील माणूस, त्याने पाहुण्याला पहिला घास वाढायचा, आणि इथे यजमान थाळीकडे पाठ फिरवून बसलेला.

 पण मुनिसाला अजून एक गोष्ट दिसली. महकम ओतांनीही थाळी सरकवली होती. तशीच, बोटाच्या टोकाने. आणि त्या पाय वर केलेल्या पाखराकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं, ती नजर मुनिसाने आत्ताच पाहिली होती, शेजारच्या खुर्चीवर.

खोलिदाला फक्त अर्धंच दिसलं. “बघा,” ती जावेला म्हणाली, मुद्दाम हळू नाही. “आमचे ओता जेवत पण नाहीत. दोन हात पुढे केले, एक मिळाला. कोणाला गिळवेल त्यानंतर?”

ओयीने मुनिसाला डोळ्यांनी बाहेर पिटाळलं.

नियोजित वधू अशा वेळी समोर येत नाही. सर्विनोझ शेजारच्या खोलीत, टेबलक्लॉथच्या गठ्ठ्यांमध्ये बसून दाराच्या फटीला डोळा लावून होती. डोळ्यातलं काजळ दाराला लागलं होतं.

“मुनिस, बोबोंना काय झालंय?”

“काही नाही, ओपा.”

“खोटं बोलताना तू नाक चोळतेस. हात खाली कर. काय आहे बाहीत?”

मुनिसाने हात खाली केला. “सुलतान.”

 सर्विनोझ टेबलक्लॉथमध्ये तोंड खुपसून हसायला लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. “माझं लग्न एका लाव्यापायी मोडणार. खिसा कोणी शिवला? तू?”

“त्यांनी सांगितलं, पाखरू नाही तर मी येत नाही. आणि बोबो आले नाहीत तर नान कोण मोडणार?”

“मग आता कशी मोडणार? एका हाताने? तिने ती गाठोडी उचलली ना, मुनिस, तर अझमत तिच्यापुढे तोंड उघडणार नाही. तिच्यापुढे कोणीच उघडत नाही. जा आणि काढून घे. कसंही कर, पण काढून घे.”

मुनिसा चहाची किटली घेऊन परत गेली आणि ओतायच्या निमित्ताने बोबोंच्या कानाशी वाकली. “बोबो, सुलतान माझ्याकडे द्या. मी बाहेर घेऊन थांबते.”

“नको.”

“बोबो, त्यांना वाटतंय तुम्ही मुद्दाम हात दिला नाहीत.”

बोबोंनी चहाच्या वाटीत बघितलं. “पोरी, कालव्यावरच्या चहाखान्यात मी उभा जन्म बसलोय. चिनाराखाली पिंजरे टांगायचे आणि बसायचं. कोणी येतं, विचारतं, कुठलं पाखरू, काय खातं, मग बोलणं आपोआप निघतं. हातात पाखरू नसलं की माणसांशी काय बोलायचं, हे मला कळतच नाही. कधीच कळलं नाही.” उजव्या हाताने त्यांनी बाही सारखी केली. “तू हसशील.”

मुनिसा हसली नाही. मागच्या हिवाळ्यापर्यंत ती वर्गात हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा टोमॅटो व्हायची. मग शाळेच्या वादविवादात तिचं नाव लागलं, ती दोन दिवस जेवली नाही, आणि बोबोंनी तिच्या हातात जर्दाळूची एक बी ठेवली. मुठीत घट्ट धर आणि बोल, म्हणाले. ती बोलली. इतकी बोलली की बाईंना घंटा दोनदा वाजवावी लागली. मग एकदा बी घरी विसरली आणि बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तेव्हापासून तिला गप्प बसवणं हाच घरातला मोठा उद्योग होऊन बसला होता.

“पण तुम्ही आता तरी कुठं बोलताय?” ती कुजबुजली. “पाखरू आहे, तरी गप्प.”

“दाखवता येत नाही ना,” बोबो म्हणाले. “झाकलेल्या पाखराबद्दल कोण विचारणार?”

तेवढ्यात ओयी नान घेऊन आली.

दोन गोल नान, तिळाच्या, एकावर एक, कोऱ्या कापडात.  दारात पुलावाचं मोठं ताट घेऊन वेटर थांबला, कारण नान मोडेपर्यंत पुलाव ठेवत नाहीत. दोन्ही म्हातारे समोरासमोर उभे राहिले. महकम ओतांनी वरच्या नानची एक कड दोन्ही हातांनी धरली.

बोबोंनी दुसरी कड धरली. उजव्या हाताने.

आणि वाट बघायला लागले, जणू डावा हात कोणीतरी मागून घेऊन येणार आहे.

“तुमच्याकडे शब्द एका हाताने देतात का?” खोलिदा म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. तिचा हात पहिल्या गाठोड्यावर होता. दाराच्या फटीतला काजळाचा डोळा मिटला.

तेव्हा कुठूनतरी आवाज आला. “व्हाव. व्हाव.” घोगरा, पोटातून आल्यासारखा.

शोकिर अमाकीने ओशाळून स्वतःच्या पोटावर हात ठेवला. “सकाळपासून काही खाल्लं नाही,” तो म्हणाला.

महकम ओतांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावरचं ते कोरडं वर्ष कुठेतरी तडकलं. कारण लाव्याची जात ठाऊक असलेल्याला माहीत असतं की तो आधी घसा साफ करतो, आणि मग.

“पित-पिलिक!” बाही म्हणाली. “पित-पिलिक! पित-पिलिक!”

“हे काय—” खोलिदाने सुरुवात केली.

महकम ओतांनी एक बोट वर केलं. बास. खोलिदाचं वाक्य तिथेच राहिलं. शोकिर अमाकी तोंड उघडं टाकून गोठला. काळ्या जाकिटातला मॅनेजर धावत आला, “माफ करा, आमच्याकडे प्राणी—” तर ओतांनी त्याच्याकडे न बघताच सांगितलं, “पाखरू बोलतंय. जिथं आहेस तिथंच उभा रहा बाबा.” आणि तो राहिला. पुलावाचा वेटरही राहिला, वाफ त्याच्या भुवयांवर जमत गेली. चहाखान्याचा हा नियम मुनिसाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होता: पाखरू बोलत असताना चहा ओतत नाहीत, दारातला आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. पण काचेच्या दाराच्या, झुंबरांच्या हॉटेलात अख्खं दालन तो पाळताना तिने कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस होता. तेही हातात चमचे धरून थांबले.

सुलतान मनसोक्त बोलला आणि गप्प झाला. तरी महकम ओतांनी बोट लगेच खाली केलं नाही.

“मोकळं बोलतो,” शेवटी ते म्हणाले.

“ठीक आहे. बोलतो कधीमधी,” बोबो म्हणाले, कारण आपल्या पाखराची तारीफ आपण करायची नसते. पण डावा हात बाहेर आला होता. मुठीतून ते ठिपक्यांचं डोकं निघालं आणि झुंबराकडे नापसंतीने बघू लागलं.

“डोंगराकडचं?”

“गव्हाच्या शेतातलं. मागच्या उन्हाळ्यात.”

“बाजरी?”

“बाजरी आणि थोडी खसखस.”

“खसखस,” महकम ओता पुटपुटले, जणू जुन्या मित्राचं नाव घेतलं. “माझ्याकडे होते. फ्लॅटमध्ये राहायला गेलो तेव्हा वाटून टाकले. पिसांनी खोकला होतो म्हणे.”

“डॉक्टरांनी सांगितलं होतं,” खोलिदा म्हणाली.

“डॉक्टरांनी नाही, तू सांगितलंस. मी खोकलो नाही कधी.”

मॅनेजरने घसा साफ केला. “आजोबा, नियम आहे. दारावर लावलेलाय.”

 बोबो त्याच्याकडे वळले, नीट, आणि छातीवर हात ठेवला. “तुमचं बरोबर आहे, भाऊ. चहाखान्यात आम्ही आधी मालकाला विचारतो, कोणाच्या नानवर पिंजरा येणार नाही असा टांगतो, आणि कोणी नको म्हटलं तर उठून जातो. तुमच्या दारात मी चित्र बघून पळवाट काढली. हे बरोबर नाही. या पोरांचा शब्द होऊ द्या, मग घेऊन जातो.”

मॅनेजरने भोवती बघितलं. वाढदिवसाच्या टेबलावरची म्हातारी त्याच्याकडे डोळे वटारून बसली होती. “नान मोडेपर्यंत,” तो म्हणाला. “आणि झाकून.”

“हो, पण नान मोडायला हात लागतात,” शोकिर अमाकीला एकदाची वाचा फुटली. “धरणार कोण?”

मुनिसा पुढे झाली. पण महकम ओता तिच्या आधी वळले होते. “सूनबाई. इकडे ये.”

“मी?” खोलिदा म्हणाली. “मी नाही.”

“सगळ्यात स्वच्छ हात तुझे आहेत. सकाळपासून पुसतेयस. ओंजळ कर.”

जिच्यापुढे कोणी तोंड उघडत नसे ती बाई आली, आणि तिने ओंजळ केली. बोबोंनी सुलतानाला तिच्या हातात उतरवलं आणि वरून तिच्याच शालीचा पदर घातला. खोलिदा खांद्यापासून ताठली. मग हळूहळू तिचे खांदे खाली आले. “किती गरम आहे हो हा,” ती म्हणाली. “आणि केवढं धडधडतंय.” अजून काही म्हणायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात पदराखालून “पित-पिलिक!” झालं, आणि तिने स्वतःहून ते मिटलं.

चार म्हातारे हात नानवर आले. कड्‌ असा आवाज झाला. तीळ टेबलक्लॉथवर पसरले.

मग बोबोंनी दोन्ही तळवे उघडले, प्रार्थनेसाठी, आणि मुनिसाने पाहिलं की ते रिकामे आहेत. तिला एकदम भीती वाटली. ती खिशातली जर्दाळूची बी चाचपू लागली, जणू ती टेबलावरून बोबोंकडे फेकता आली असती. पण बोबो बोलायला लागले. आधी घसा साफ केला, अगदी सुलतानासारखा, आणि मग बोलतच राहिले. मुलांना मागितलं, पोरांच्या पोरांना मागितलं, कोकंदच्या विहिरींना पाणी आणि मर्गिलानच्या मागांना रेशीम मागितलं, कझानला एकट्या बसलेल्या मुलासाठी मागितलं, या हॉटेलासाठी आणि त्याच्या दारावरच्या कुत्र्यासाठीसुद्धा. पुलाव गार झाला. वेटर कधीचा खाली बसला होता. “आमीन,” शेवटी सगळे म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवले, एक खोलिदा सोडून, कारण तिचे हात भरलेले होते.

गाठी जावांनी सोडल्या. सर्विनोझ फटीतून बाहेर आली तेव्हा तिच्या एका गालावर दाराची उभी काळी रेघ होती, आणि ती कोणीच तिला सांगितली नाही.

निघताना सगळी मंडळी दारात गोळा झाली. खोलिदा अजून शाल धरून होती. सुलतान परत घ्यायला बोबोंनी दोनदा हात पुढे केला, तिला दिसला नसावा. “घरात नको हं,” ती सासऱ्यांना म्हणत होती, कोणी काही विचारलेलं नसताना. “पाळायचा तर बाल्कनीत. आणि वर्तमानपत्र रोज बदलायचं.”

महकम ओतांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ते मुनिसाशेजारी येऊन उभे राहिले, बोबोंच्या बाहीची आतली बाजू उलटून त्यांनी शिवण बघितली, भोकांतून बोट घातलं.

“हे कोणाचं काम, पोरी?”

“माझं, ओता.”

“मलाही एक शिवून दे. उजव्या बाहीला.”

“बोबोंचा तर डावीकडे आहे.”

“म्हणून तर,” महकम ओता म्हणाले. “आम्ही दोघं शेजारी बसणार. दोन्ही लावे आतल्या बाजूला आले तर भांडतील ना ते.”